डबोतला ज्येष्ठांचा व्यायामगट: माणसं गळतात कुठे?

प्रश्न थोडक्यात असा: महाराष्ट्रात फिजिओथेरपी शिकलेल्या एका ताईंना ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्समधल्या डबो गावी नोकरी लागली. तिथल्या वयस्क अ‍ॅबोरिजिनल (म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळनिवासी) लोकांसाठी व्यायाम आणि गाठीभेटींचा गट सुरू करण्याचं काम त्यांच्याकडे आलं. इस्पितळाच्या आवारातला हॉल, मंगळवारी सकाळी ९ ची वेळ, १२ आठवड्यांचा कार्यक्रम, गावभर वाटलेली पत्रकं. पहिल्या आठवड्यात सातजण आले, तिसऱ्या आठवड्यात दोघं. त्या विचारतात: "व्यायाम निवडताना चुकले का? आणि नुसत्या चहा-गप्पांवर आलं तर त्याला व्यायाम कसं म्हणायचं?"

व्यायाम बहुधा ठीकच असतील. पहिल्या दिवशी सातजण आले म्हणजे गरज आहे, उत्सुकताही आहे. दोन आठवड्यांत पाचजण गळतात ते सहसा जागा, वेळ, गाडी आणि बोलावणारं माणूस यांपैकी काहीतरी बिनसल्यामुळे. ते दुरुस्त केलं की गट भरतो. पण भरलेल्या गटाचीही एक खोड असते. सगळ्यांना बरं वाटावं म्हणून व्यायाम इतका सौम्य होत जातो की शेवटी खुर्चीत बसून हात हलवण्यापलीकडे काही उरत नाही. चहा-गप्पा आणि व्यायाम, दोन्हींची मात्रा पुरी पडली पाहिजे. एकासाठी दुसऱ्यात पाणी घालायचं नाही.

आधी जागेचं बोलू. डबो ही विराजुरी लोकांची भूमी. तिथल्या साठी-सत्तरीतल्या माणसांच्या आठवणीत इस्पितळ म्हणजे उपचाराची जागा एवढंच नसतं. न्यू साउथ वेल्सच्या ग्रामीण भागात अ‍ॅबोरिजिनल रुग्णांना वेगळ्या वॉर्डात ठेवण्याची पद्धत त्यांच्या बालपणापर्यंत होती, आणि मुलं घरच्यांपासून तोडून संस्थांत नेण्याचं सरकारी धोरणही. अशा नेलेल्या मुलांपैकी हयात असलेले सगळेच आज पन्नाशीच्या पुढे आहेत, म्हणजे नेमके तुमच्या गटाच्या वयाचे. केम्पसीजवळच्या किंचेला बॉईज होममध्ये (१९२४ ते १९७०) मुलांना नावाने नव्हे तर क्रमांकाने हाक मारत. कूटामंड्राच्या संस्थेत मुलींना घरकामाच्या नोकरीसाठी तयार करत. हे माहीत असलं की काही गोष्टी आपोआप सुटतात. गटात कुणाला 'एक, दोन, तीन' असे आकडे द्यायचे नाहीत. छातीवर नंबर लावायचा नाही, शिट्टी नाही, रांगेत उभं करून हजेरी नाही. खुर्च्या गोलात मांडायच्या, हजेरी चहा ओतताना मनात घ्यायची आणि नंतर लिहायची.

पाण्यातल्या व्यायामाचंही तसंच. गुडघेदुखीला तो उत्तम, पण फेब्रुवारी १९६५ मध्ये चार्ल्स पर्किन्स यांच्या नेतृत्वाखाली सिडनी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची बस याच राज्यातल्या मोरी गावी गेली ती तिथल्या सार्वजनिक तलावावर अ‍ॅबोरिजिनल मुलांना असलेली बंदी मोडायला. आज सत्तरीत असलेलं माणूस तेव्हा शाळकरी पोर होतं. त्यामुळे तरणतलाव सुचवायचा असेल तर गटातल्याच कुणाकडून विषय निघू द्या. नकार आला तर 'पाण्याची भीती वाटते' असं कागदावर लिहून मोकळं होऊ नका.

मग जागा कुठली? अ‍ॅबोरिजिनल समुदायाच्या ताब्यातलं आरोग्य केंद्र असेल तर पहिली पसंती ती. अशा केंद्रांची परंपरा १९७१ साली सिडनीतल्या रेडफर्नपासून चालत आली आहे. तिथे जागा नसेल तर लँड कौन्सिलचा (समुदायाच्या जमिनींचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक मंडळाचा) हॉल, समुदायाचं केंद्र किंवा नदीकाठची सावलीची बाग. बाग निवडताना शौचालय, पाठीला टेकू असलेली बाकं आणि सपाट रस्ता आधी स्वतः चालून पाहा. डबोचा उन्हाळा कडक असतो, पारा चाळिशीकडे जातो, तेव्हा डिसेंबर ते फेब्रुवारी वातानुकूलित जागा हवीच. वणव्याचा धूर असेल त्या दिवशी दम्याच्या आणि फुप्फुसाच्या रुग्णांना बाहेर काढूच नका.

वेळ ९ ची का चुकते? गटातल्या कित्येक आज्या नातवंडं सांभाळत असतात, शाळेत सोडून येईपर्यंत सव्वानऊ होतात. शिवाय सकाळच्या गोळ्या, इन्सुलिन, नाश्ता. १० ला चहा, साडेदहाला व्यायाम, १२ ला जेवण, १ पर्यंत घरी, म्हणजे शाळा सुटायच्या आत हातात वेळ उरतो. वार ठरवताना डायलिसिसचं वेळापत्रक पाहा. आठवड्यातून तीनदा डायलिसिस म्हणजे सहसा सोम-बुध-शुक्र किंवा मंगळ-गुरु-शनि. तुमचा मंगळवार दुसऱ्या पाळीतल्या सगळ्यांना कायमचा बाहेर ठेवतो. त्यांची संख्या मोठी असेल तर दोन वार चालवा. एकच शक्य असेल तर यादी पुढे ठेवून वार निवडा. शाळांच्या सुट्टीत नातवंडं बरोबर येणार हे धरूनच चाला. कोपऱ्यात कागद, रंग, चेंडू ठेवा, नाहीतर दर तिमाहीला दोन आठवडे गट ओस पडेल.

गाडीवर मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण गटाचं जमणं-मोडणं सगळ्यात जास्त तिच्यावर असतं. 'ज्यांना हवं त्यांच्यासाठी वाहतुकीची सोय आहे, या क्रमांकावर फोन करा' असं पत्रकात छापणं म्हणजे सोय नव्हे. चालक स्थानिक आणि ओळखीतला हवा. आदल्या संध्याकाळी त्याचा किंवा समुदायाच्या आरोग्य कर्मचाऱ्याचा फोन जातो, सकाळी निघताना दुसरा. दारात हॉर्न वाजवून निघून जायचं नाही. उतरायचं, कुंपणाशी उभं राहून हाक मारायची, पाच मिनिटं थांबायचं. मिनीबसची पहिली पायरी गुडघ्याच्या रुग्णाला फार उंच पडते. दाराशी ठेवायला १५ सेंटिमीटर उंचीची, तळाला रबर असलेली भक्कम सुटी पायरी घ्या, दाराच्या आत दोन्ही बाजूंना धरायला दांडा बसवून घ्या. चढताना सशक्त पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हे चालकालाही शिकवा. वॉकर घडी करून पट्ट्याने बांधायचा. सुटा ठेवला तर पहिल्या वळणावर कुणाच्या नडगीवर येतो. पहिला चढलेला माणूस गाडीत चाळीस मिनिटांपेक्षा जास्त बसू नये, नाहीतर लघवीच्या गोळ्या घेणारे लोक दुसऱ्या आठवड्यापासून येत नाहीत आणि कारण कुणी सांगत नाही. गाडीत कुणाला कुणाशेजारी बसवायचं हेही चालकावर सोडा. घराण्यांमधली भांडणं असतात, आणि उत्तर व मध्य ऑस्ट्रेलियातल्या बऱ्याच समुदायांत सासू-जावयासारख्या नात्यांत समोरासमोर येणंही टाळतात. डबोत हे दुसरं कमी दिसेल, पण कामासाठी पुढे कुठे गेलात तर लागेल.

बोलावणारं माणूस म्हणजे कोण? तुम्ही नव्हे. पत्रकाने कुणी येत नाही, बोलावण्याने येतात. समुदायात मान असलेली एक ज्येष्ठ बाई आणि शक्य तर एक ज्येष्ठ पुरुष, शिवाय अ‍ॅबोरिजिनल आरोग्य कर्मचारी, असे दोन-तीनजण सुरुवातीपासून बरोबरीने हवेत. वार, जागा, गटाचं नाव, जेवण, कोणता विषय काढायचा आणि कोणता नाही, हे त्यांनी ठरवायचं. त्यांच्या वेळेचे पैसे अर्थसंकल्पात धरा. मानधनाशिवाय 'सांस्कृतिक सल्ला' मागणं ही तिथली जुनी तक्रार आहे आणि रास्त आहे. कार्यक्रमाच्या सुरुवातीला जमलेल्यांचं त्या भूमीवर स्वागत तिथल्या ज्येष्ठांनीच करायचं असतं. तुम्ही करू शकता ती भूमीच्या लोकांप्रती आदर व्यक्त करणारी दोन वाक्यं, तीही पाठ म्हटल्यासारखी नकोत.

पहिल्या भेटीत तुम्हाला बहुतेक विचारतील, तू कुठली, तुझी माणसं कोण? इथे पदवी सांगू नका. गाव सांगा, नदी सांगा, आईवडील काय करतात, घरात कोण कोण आहे ते सांगा. हे मराठी माणसाला जड जाऊ नये. गावाकडे पाहुण्याची चौकशी अशीच होते. 'आंटी', 'अंकल' ही तिथे मानाची संबोधनं आहेत, पण आपण वापरायची का हे सोबतच्या कर्मचाऱ्याला विचारून घ्या. आणि थांबायला शिका. एकामागून एक प्रश्न विचारलेत की समोरून 'हो, हो' येतं. त्यातलं निम्मं तुम्ही गप्प व्हावं म्हणून असतं. 'छातीत दुखतं का?' याला 'नाही' आलं म्हणजे दुखत नाही असं धरून चालू नका. त्याऐवजी 'दुकानापर्यंत चालत गेलं की मध्ये कुठे थांबावं लागतं?' असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत तोंड मिटून बसा.

आता तपासणी. अ‍ॅबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर (ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरचे मूळनिवासी) लोकांसाठी मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्यात ७१५ क्रमांकाची मोफत आरोग्य तपासणी असते, दर नऊ महिन्यांनी करता येते. गटात येणाऱ्या प्रत्येकाची ती झाली आहे का पाहा. झाली नसेल तर केंद्रातच वेळ घेऊन द्या. त्यातून मधुमेह, किडनी, हृदय, डोळे, कान यांचं चित्र हाती येतं आणि पुढे फिजिओकडे वैयक्तिक उपचाराचे काही अनुदानित तासही मिळू शकतात. कान महत्त्वाचे. लहानपणच्या कानफुटीमुळे ऐकू कमी येणारे बरेच असतात. पाठमोरं उभं राहून सूचना दिल्या तर त्यांना कळत नाहीत आणि 'सहकार्य करत नाही' असा शिक्का बसतो.

गटाच्या दिवशी चहाच्या वेळीच रक्तदाब आणि, इन्सुलिन किंवा ग्लिक्लाझाइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची, साखर पाहायची. रक्तदाब वरचा १८० च्या किंवा खालचा ११० च्या पुढे असेल तर दहा मिनिटं बसवून पुन्हा मोजा. तसाच राहिला तर त्या दिवशी व्यायाम नाही, पण जेवण आणि गप्पा आहेतच, आणि नर्सला फोन. ऑस्ट्रेलियात साखर मिलिमोलमध्ये मोजतात. तुमच्या सवयीच्या आकड्यासाठी १८ ने गुणा. ५ च्या खाली (म्हणजे सुमारे ९०) असेल तर आधी १५ ग्रॅम साखर पोटात जायला हवी: सहा-सात जेली बीन्स किंवा अर्धा ग्लास रस, मग पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजणी. डायलिसिसवरच्या माणसाला संत्र्याचा रस देऊ नका, त्यात पोटॅशियम जास्त. जेली बीन्स किंवा सफरचंदाचा रस ठेवा. 'भरपूर पाणी प्या' ही व्यायामवर्गातली सरसकट सूचनाही इथे घातक ठरू शकते, कारण डायलिसिसच्या आणि हृदय निकामी होत आलेल्या रुग्णांना दिवसाचं पाणी मोजून दिलेलं असतं. फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) असलेल्या हाताला रक्तदाबाचा पट्टा नाही, मनगटाला वजन नाही, रबरी पट्टा गुंडाळणं नाही. अंजायनाचा (हृदयविकाराने छातीत दुखण्यावरचा) स्प्रे आणि दम्याचा पंप घरी राहिला तर त्या दिवशी त्या माणसाचा व्यायाम हलकाच. हे चालकाने दारातच विचारायचं. बंद पडलेलं हृदय सुरू करणारं यंत्र कुठे आहे हे किमान दोघांना माहीत हवं, आणि तातडीचा क्रमांक ०००.

पाय बघायला विसरू नका. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला अंगठ्याची चप्पल घातलेली असते. उभ्याने तोल सांभाळण्याचा व्यायाम त्या चपलेत करायचा नाही. अनवाणीही नाही. मागून बंद, चपट्या तळाचे, चिकटपट्टीचे बूट हवेत. सहा-सात मापांचे जोड केंद्रात ठेवता आले तर उत्तम, नाहीतर पहिल्या महिन्यातला थोडा पैसा बुटांवर घाला. महागड्या यंत्रांपेक्षा त्याने जास्त साधतं.

व्यायामाचा खरा गाभा आता. म्हातारपणी पडणं टाळण्यावरचा पुरावा भक्कम आहे: २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात) व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटलेलं दिसलं, आणि तोलाच्या व्यायामाला ताकदीची जोड दिली तर घट त्याहून जास्त. पण तोलाला आव्हान मिळालं पाहिजे. बसून केलेल्या व्यायामाने पडणं कमी होत नाही. म्हणून ४५ मिनिटांपैकी निदान ३० मिनिटं उभ्याने. खुर्च्या चाकांशिवायच्या, हात असलेल्या, बैठक जमिनीपासून ४५ सेंटिमीटरच्या आसपास, पाठ भिंतीला टेकलेली. उभ्याने तोलाचं काम चालू असताना दर पाच-सहा जणांमागे एक लक्ष ठेवणारं माणूस. बाराजणांवर तुम्ही एकट्या असाल तर निम्म्यांना बसून ताकदीचं काम द्या, निम्म्यांना उभं करा, मग अदलाबदल.

आधी पाच-सात मिनिटं जागच्या जागी चालणं, खांदे, घोटे. संगीत त्यांच्या आवडीचं. तिथल्या ज्येष्ठांना कंट्री संगीत फार प्रिय, गाणी निवडायचं काम कुणा एकाकडे सोपवा.

मग खुर्चीतून उठणं-बसणं, हा सगळ्यात कामाचा व्यायाम, आणि सगळ्यात जास्त बिघडतो तोही हाच. ढुंगण खुर्चीच्या पुढच्या अर्ध्यात आणा. टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे, पायांत खांद्याएवढं अंतर. नाक पायाच्या बोटांवर येईपर्यंत पुढे वाका आणि मगच उठा. बहुतेकजण सरळ पाठीने वर उचलायला बघतात, वजन टाचांवर राहतं आणि धपकन मागे बसतात. मग 'माझे गुडघे गेले' म्हणतात. गुडघे गेलेले नसतात, पुढे वाकण्याची भीती असते. समोर दुसरी खुर्ची पाठ करून ठेवा, भीती जाते. तरी उठवत नसेल तर बैठकीवर ५ ते १० सेंटिमीटरची टणक उशी घाला आणि दर दोन-तीन आठवड्यांनी ती पातळ करत न्या. बसताना मनात तीन मोजत सावकाश बसा. ताकद खाली येताना जास्त वाढते. आठ ते दहा वेळा, दोन फेऱ्या. बारा सहज जमले की हातांचा आधार काढा, मग छातीशी एक-दोन किलोची पिशवी धरा.

त्यानंतर टाचा उचलणं, चवडे उचलणं, पाय बाजूला नेणं, गुडघा मागे दुमडणं. यांसाठी घोट्याला वजन, सुरुवात अर्ध्या किंवा एक किलोने. आठ-दहा वेळांत पाय दमला पाहिजे. वीस वेळा करूनही गप्पा चालूच असतील तर वजन कमी आहे. पायावर जखम किंवा सूज असेल तर घोट्याला वजन बांधू नका. तोलासाठी पाय जुळवून उभं राहणं, मग एक पाऊल अर्धं पुढे, मग टाचेला चवडा लावून, प्रत्येकी १० सेकंद. आधार दोन्ही हातांचा, मग एका हाताचा, मग एका बोटाचा, मग हात हवेत पण खुर्चीच्या वर. मग बाजूने चालणं, १० सेंटिमीटरच्या पायरीवर चढ-उतार, चालता चालता मान वळवणं. दम किती लागावा? बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतका.

पडण्यापासून खरं संरक्षण मिळायला आठवड्याला जवळजवळ तीन तास भरावे लागतात आणि एका सत्रात पाऊण तासच होतो. बाकीचं घरी. इथे छापील तक्ता देऊन उपयोग नाही. तो फ्रिजवर लागतो आणि तिथेच राहतो. किटलीचं पाणी उकळेपर्यंत ओट्याला धरून टाचा उचलायच्या. टीव्हीवर फुटी (तिथला फुटबॉल) चालू असताना दर जाहिरातीला पाच वेळा उठ-बस. नातवंडाला शाळेच्या फाटकापर्यंत चालत नेणं. ही तीन कामं दर आठवड्याला गोलात बसून विचारायची: कुणाचं किती झालं? चिडवाचिडवी होते आणि आकडा वाढतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, गप्पांचा. तिथे यार्निंग म्हणतात. गोलात बसून निवांत, वळणं घेत बोलणं. तो व्यायामाआधीचा विरंगुळा नाही, कार्यक्रमाचा अर्धा भाग आहे. साउथ-ईस्ट क्वीन्सलंडमधला 'वर्क इट आउट' हा कार्यक्रम पाहा: ४५ मिनिटं यार्निंगमधून आरोग्यावर बोलणं, मग तासभर व्यायाम, १२ आठवड्यांची फेरी आणि फेरी संपली की पुन्हा पुढच्या फेरीत येता येतं. तुमच्याच राज्यात घडलेला 'आयर्नबार्क' ४५ वर्षांपुढच्यांसाठी आहे. आठवड्याला एक सत्र, ताकद-तोलाचे व्यायाम आणि पडण्याविषयीची यार्निंग. त्याची मोठी चाचणी न्यू साउथ वेल्स, साउथ ऑस्ट्रेलिया आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियात आखली गेली तेव्हा तुलनेसाठी नुसती वाट बघणारी यादी ठेवली नव्हती, दुसऱ्या गटांना आठवड्याचा सामाजिक-आरोग्य कार्यक्रम दिला होता. समुदायाला रिकाम्या हाताने बसवायचं नाही, हा विचार तुमच्याही कामाचा.

यार्निंगमध्ये तुम्ही दर वेळी एकच आरोग्याचा विषय न्यायचा: झोपेच्या गोळ्या आणि रात्रीचं पडणं, दुहेरी भिंगाचा चष्मा आणि पायऱ्या, न्हाणीघरातली ओल, पडलं तर जमिनीवरून उठायचं कसं. पडद्यावर चित्रफीत लावून भाषण देऊ नका. एक वस्तू मध्ये ठेवा, घसरणारं पायपुसणं किंवा झिजलेली चप्पल, आणि कुणीतरी बोलायला सुरुवात करेपर्यंत थांबा. बोलणं भरकटून मासेमारीवर किंवा जुन्या मिशनच्या (समुदायाला जिथे वसवलं होतं त्या वस्त्यांच्या) दिवसांवर गेलं तर जाऊ द्या. जड आठवण वर आली तर तिथेच खोदायची नाही. सामाजिक-भावनिक आरोग्याचं काम करणारा सहकारी त्या दिवशी जवळपास असेल अशी व्यवस्था आधीच ठेवा.

जेवण गरम हवं आणि बसून हवं. सूप, भाजी-मटणाचा रस्सा, सँडविच, फळं, कधी डँपर (तिथला साधा जाड पाव). गटातल्याच कुणी रांधलं तर फार छान, सामानाचे पैसे तुमच्याकडून. ताटावर नजर ठेवून 'साखर वाढेल हं' म्हणायचं नाही. आहारतज्ज्ञ जेवायला येऊन शेजारी बसली तर बोलणं आपोआप तिकडे वळतं.

गैरहजेरीचा नियम बदलून घ्या. तीन आठवडे न आल्यास नाव कमी, असा नियम बऱ्याच दवाखान्यांत असतो, तो इथे लावला की गट संपला. समुदायात मृत्यू झाला की शोकविधींसाठी गावच्या गाव थांबतं, लोक शेकडो किलोमीटर जातात, आठवडा-दोन आठवडे कुणी येत नाही. त्या काळात सत्र रद्द करायचं का हे ज्येष्ठांना विचारा. गेलेल्या व्यक्तीचा फोटो भिंतीवर असेल तर काढायचा की ठेवायचा, नाव घ्यायचं की नाही, हे कुटुंबाच्या इच्छेने; म्हणून फोटो लावतानाच लेखी संमतीत हा प्रश्न घाला. परत आलेल्या माणसाला 'इतके दिवस कुठे होता?' नाही, चहा द्यायचा आणि व्यायाम दोन पायऱ्या खाली उतरवून सुरू करायचा.

पुरुष कमी येतात. 'व्यायामवर्ग' म्हटलं की त्यांना तो बायकांचा वाटतो. लाकूडकाम, मासेमारीची सहल, जुन्या गाड्यांची दुरुस्ती यांच्या पोटात वीस मिनिटं व्यायाम घाला, आणि नेतृत्व पुरुष सहकाऱ्याकडे द्या. काही विषय बायका पुरुषांसमोर काढणार नाहीत आणि पुरुष बायकांसमोर. लघवीवरचा ताबा हा त्यातला पहिला. न्यू साउथ वेल्समध्ये एल्डर्स ऑलिम्पिक्स भरतं, गावोगावचे ज्येष्ठ संघ करून सोप्या केलेल्या खेळांत उतरतात. संघाचा शर्ट मिळणार म्हटलं की बाहेर राहिलेले पुरुषही सरावाला येतात.

पैशांचं गणित असं. वयोवृद्धांच्या सरकारी सेवा ऑस्ट्रेलियात सर्वसाधारणपणे ६५ पासून, पण अ‍ॅबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर लोकांना ५० पासून. कारण उघड आहे: २०२०-२२ च्या आकड्यांनुसार त्यांचं जन्मवेळचं अपेक्षित आयुष्य पुरुषांचं ७१.९ आणि स्त्रियांचं ७५.६ वर्षं, इतरांपेक्षा आठ-नऊ वर्षांनी कमी. म्हणून पत्रकावर '६५ वर्षांवरील' छापलं असेल तर ते आजच बदला. घरी राहणाऱ्या ज्येष्ठांसाठीच्या कॉमनवेल्थ होम सपोर्ट योजनेत गटातल्या गाठीभेटींसाठी आणि वाहतुकीसाठी वेगळे पैसे असतात. दीर्घ आजार असलेल्यांसाठी प्रायमरी हेल्थ नेटवर्क या प्रादेशिक आरोग्य संस्थांमार्फत इंटिग्रेटेड टीम केअर ही उपचारांची सांगड घालून देणारी योजना आहे. टाइप २ मधुमेहाच्या गटसत्रांना मेडिकेअर पैसे देतं, पण ते आहारतज्ज्ञ, मधुमेह शिक्षक आणि एक्सरसाइज फिजिओलॉजिस्ट (व्यायामातून उपचार करणारे तज्ज्ञ) यांनाच. फिजिओला त्या खात्यात बिल करता येत नाही. तेव्हा एखाद्या एक्सरसाइज फिजिओलॉजिस्टला सोबत घ्या.

१२ आठवड्यांची मुदत ही मात्र वरिष्ठांशी बोलून सोडवायची गोष्ट. अशा समुदायांनी येऊन गेलेले प्रकल्प ढिगाने पाहिलेत. किमान वर्षभराचं आश्वासन मिळवा; मिळत नसेल तर पहिल्याच दिवशी गोलात स्पष्ट सांगा की पैसे अमुक महिन्यापर्यंत आहेत. आणि दुसऱ्या महिन्यापासून गटातल्या किंवा केंद्रातल्या एका अ‍ॅबोरिजिनल व्यक्तीला पगारी सहनेतृत्व देऊन शिकवायला घ्या: आधी फक्त सुरुवातीची हालचाल तिच्याकडे, मग ताकदीचा भाग, शेवटी तोलाचा.

मोजमाप दर १२ आठवड्यांनी, दोनच चाचण्या पुरेत. ३० सेकंदांत हात छातीशी घेऊन किती वेळा उठता येतं, आणि वर सांगितलेल्या तोलाच्या स्थितींत १० सेकंद उभं राहता येतं का. साठ ते चौसष्टच्या वयात बाईला १२ आणि पुरुषाला १४ उठबशा जमल्या नाहीत तर ताकद कमी पडतेय असं धरा. दोनने वाढ झाली तरी ती खरी सुधारणा. जगणं कसं चाललंय हे विचारायला 'गुड स्पिरिट, गुड लाइफ' ही अ‍ॅबोरिजिनल ज्येष्ठांबरोबर बसून घडवलेली प्रश्नावली आहे; कुटुंब, समुदाय, संस्कृती, भूमी यांविषयी ती विचारते. ती सहकाऱ्याने यार्निंगच्या ओघात भरावी. आकडे आले की आधी गोलात वाचून दाखवा, काय पुढे पाठवायचं ते त्यांना ठरवू द्या, मग अहवाल वर जाऊ दे. पुढच्या मंगळवारी सत्र घेऊच नका. त्या दिवशी न आलेल्या पाचजणांच्या घरी आरोग्य कर्मचाऱ्याबरोबर जा आणि वार कोणता बरा पडेल एवढंच विचारून या.